‘करून पाहायला काय हरकत आहे?’

आपल्याला झोप येत नाही असे जो कोणी चारचौघांत एकदा बोलून दाखवील, त्याला त्या दिवसापासून उपदेशाची वाण म्हणून पडत नाही. खडकी बाजारातल्या किराणा दुकानदारापासून घरी आलेल्या विहीणबाईंपर्यंत प्रत्येकाजवळ त्याच्यासाठी एक उपाय तयार असतो. कोणी कोमट दुधात जायफळ उगाळून घ्यावयास सांगतो. कोणी तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासा म्हणतो. कोणी ब्राह्मीचे तेल टाळूवर थापावयास लावतो. कोणी उशाची दिशा बदलावयास सांगतो. आणि अलीकडे मुंबईहून आलेला भाचा मोबाइलमध्ये पाहून रंगीत गोळ्यांची एक बाटलीच मागवून देतो. हे उपाय एकमेकांपासून कितीही भिन्न असले, तरी त्या सर्वांच्या शेवटी ठेवणीतले एकच वाक्य असते: “करून पाहायला काय हरकत आहे?”

आमचे भांडण जायफळाशी नाही आणि काशाच्या वाटीशीही नाही. ते या वाक्याशी आहे. दिसावयास हे वाक्य मोठे नम्र आहे. त्यात आग्रह नाही, सिद्धान्ताचा अभिनिवेश नाही; उलट शास्त्रज्ञाची प्रयोगबुद्धीच त्यात आहे असा भास होतो. परंतु जो खरोखर प्रयोग करतो तो आधी ठरवितो की, अमुक घडले नाही तर हा उपाय मी सोडून देईन. आमचे उपदेशक असे कधीच ठरवीत नाहीत. झोप लागली तर उपाय गुणकारी; न लागली तर तो नीट केला नाही, पुरेसे दिवस केला नाही, किंवा जायफळ जुने होते! शिवाय झोपेचा स्वभावच असा आहे की, दोन-तीन रात्री वाईट गेल्या म्हणजे तिचे ऋण अंगावर साचत जाते आणि चौथ्या रात्री मनुष्य काहीही न करता गाढ निजतो. त्या चौथ्या रात्री पोटात जे काही गेले असेल, त्याच्या पदरी सारे यश पडते. अशा रीतीने प्रत्येक घरात एक ‘रामबाण’ उपाय जन्मास येतो व तो लग्नपत्रिकेप्रमाणे आप्तेष्टांत वाटला जातो.

तथापि जुने ते सर्व खोटे असे म्हणून हसणाऱ्यांच्या पंक्तीलाही आम्ही बसत नाही. काशाच्या वाटीचेच पाहा. वाटी घासल्यावर तळवा काळा होतो, तेव्हा ‘अंगातली उष्णता बाहेर निघाली’ असे घरोघर सांगतात. हे अर्थातच खरे नव्हे. काशात तांबे असते. तूप, घाम व घर्षण यांच्या योगाने त्या धातूचा जो मळ सुटतो तो काळा दिसतो. त्यात शरीरातील उष्णतेचा कणही नाही. परंतु वाटीची ही उपपत्ती खोटी ठरली म्हणून वाटीचा अनुभव खोटा ठरत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की, हातापायांच्या कातडीतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून पाय उबदार झाले म्हणजे झोप लवकर लागते. कारण त्या वाटेने शरीराच्या गाभ्यातील तापमान उतरावयास मदत होते. तळपाय चोळल्याने ते उबदार होतात आणि चोळणारे माणूस प्रेमाचे असले तर मनही निवते. म्हणजे आजीचा हात खरा, आजीचे कारण खोटे. असा विवेक करावयाचे सोडून एक पक्ष वाटीची पूजा करतो व दुसरा तिची टवाळी करतो. विचार कोणीच करीत नाही.

दुधाविषयीही असेच. दुधात ट्रिप्टोफॅन नावाचे द्रव्य असते व त्यापासून झोपेशी संबंध असलेली रसायने शरीरात तयार होतात, हे शाळेतली मुलेही आता सांगतात. परंतु पेलाभर दुधात ते इतके थोडे असते, आणि मेंदूत शिरताना त्याला इतर द्रव्यांशी इतकी चढाओढ करावी लागते, की त्या पेल्याने झोप ओढून आणली असे म्हणणे कठीण आहे. रोज ठरावीक वेळी, दिवा मंद करून, घरच्यांशी दोन शब्द बोलत दूध पिणाऱ्याला झोप येते. पण त्यात दुधापेक्षा ‘रोज ठरावीक वेळी’ या शब्दांचा वाटा मोठा असतो.

येथे आयुर्वेदाचे नाव घेऊन आम्हांस गप्प करू पाहणाऱ्यांना आम्ही नम्रपणे चरकसंहिताच उघडावयास सांगतो. झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकाने म्हशीचे दूध श्रेष्ठ मानले आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथात निद्रानाशाची कारणे सांगताना काम, काळ, विकार, प्रकृती व वात यांची गणना केली आहे. आणि त्या गणनेत पहिले नाव कामाचे आहे! उपाय सांगताना अभ्यंग व स्नान यांच्याबरोबरच मनाला रुचणारे आवाज, नीट घातलेले अंथरूण, सुखकर घर आणि झोपेची उचित वेळ हीही सांगितली आहेत. आमच्या उपदेशकांनी या यादीतले दूध व तेल तेवढे उचलले, कारण ती बाजारात मिळतात; शांतता, घर आणि वेळ ही वगळली, कारण ती कोणालातरी निर्माण करून द्यावी लागतात. चरकावर त्यांनी इतका अन्याय केला तेवढा पुरे.

काही समजुतींना तर इतकाही आधार नाही. उत्तरेस डोके केल्याने पृथ्वीचे चुंबकत्व रक्तातील लोह ओढते म्हणतात. इस्पितळातील एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटीहून अधिक असते. त्यात मनुष्य अर्धा-अर्धा तास निजून सुखरूप बाहेर येतो. ‘रात्री बाराच्या आधीची एक तासाची झोप नंतरच्या दोन तासांच्या बरोबरीची’ हेही असेच सुभाषित. झोपेच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचा वाटा अधिक असतो, एवढाच त्यातला खरा अंश. मग ती झोप दहाला सुरू होवो की एकला. घड्याळातले बारा शरीराला ठाऊक नसतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे व खडकी त्याच्या बरीच पश्चिमेस. त्यामुळे येथे सूर्याच्या हिशेबाने मध्यरात्र होते तेव्हा घड्याळात सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांचा सुमार झालेला असतो. निद्रादेवी प्रमाणवेळ पाळते अशी कल्पना करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

“बरे, हे सर्व मान्य; पण निरुपद्रवी उपायाने बिघडते काय?” असे आता विचारले जाईल. बिघडते; आणि तीन प्रकारांनी बिघडते.

पहिला प्रकार सरळ अपायाचा. चिमूटभर जायफळाने काही होत नाही, म्हणजे झोपही येत नाही व अपायही होत नाही. पण गुण येईना म्हणून जो एक-दोन चमचे पूड घेतो, त्याला छातीत धडधड, तोंडाला कोरड, भ्रम अशा विषबाधेला तोंड द्यावे लागते. तान्ह्या मुलाला तर पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही ‘बाळ शांत निजावे’ म्हणून सहाणेवर काय काय उगाळले जाते ते मांडण्याची गरज नाही. या वाटेचा शेवट कोठे होतो ते महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १९२२ साली मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा त्यांतील बहुतेक सर्वजणी आपल्या तान्ह्या मुलांना अफू चारतात असे त्यांना आढळून आले. तिलाच लोक ‘बाळगोळी’ म्हणत. किती गोड नाव! त्या माता निर्दय नव्हत्या. त्याच वर्षीच्या कायद्याने मोठ्या माणसाच्या कामाला मर्यादा घातली ती दिवसाला ११ तासांची. इतका वेळ मूल सांभाळावयास घरी कोणी नसे. गोळीने मूल निजे आणि गिरणी चाले. त्या रोगावरचा खरा उपाय दुसरी, सौम्य गोळी हा नव्हता. तो पाळणाघर हा होता, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तो मोठ्या कारखान्यांवर बंधनकारक केला. हे उदाहरण आम्ही सहज दिलेले नाही. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरा प्रकार कालहरणाचा. येथील रेंजहिल्सच्या बाजूस राहणारे आमचे एक स्नेही नोकरीतून निवृत्त झाल्यावर ‘झोप पुरत नाही’ म्हणू लागले. रात्री घोरण्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जाई, त्यामुळे ‘हे तर ढाराढूर झोपतात, यांना कसली व्याधी?’ असे सर्वांचे मत. तरी त्यांचे समाधान व्हावे म्हणून जायफळ झाले, वाटी झाली, तेल झाले, खाट फिरवून झाली. चार वर्षे गेली. शेवटी होळकर पुलावर स्कूटर चालविताना भरदिवसा डुलकी लागून ते कठड्याला घासले गेले, तेव्हा कोठे मंडळी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी त्यांना काहीच न विचारता त्यांच्या पत्नीला विचारले, “काकू, झोपेत यांचा श्वास मध्येच थांबतो का?” त्या म्हणाल्या, “थांबतो की हो! मी जागी राहून मोजत असते. मग एकदम हिसका देतात आणि पुन्हा घोरू लागतात.” चार वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, सांगितले ते उपाय मात्र सर्वांनी. झोपेत घशाची वाट मिटून श्वास अडण्याचा हा विकार रक्तदाब वाढवितो व हृदयाला शिणवितो. त्यावर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र १९८१ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. आज आमचे स्नेही ते लावून निजतात आणि त्यांच्या पत्नीलाही झोप मिळते. घोरणे म्हणजे गाढ झोप, या एका समजुतीने दोन माणसांची चार वर्षे खाल्ली. हरकत ती हीच.

नव्या पद्धतीचे उपायही याच जातीचे आहेत, हे सुशिक्षितांनी विसरू नये. मद्याचा एक पेला झोप लवकर आणतो खरा. पण रात्रीच्या उत्तरार्धात तोच ती मोडतो व स्वप्नांची झोप खातो. मेलाटोनिन हे शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारे द्रव्य आहे. विमानाने देशांतर केलेल्याला त्याचा उपयोग होतो, पण रात्री एकपर्यंत मोबाइलच्या उजेडात बसून वर त्याची गोळी चघळणे म्हणजे दिवा लावून ठेवून ‘अंधार पडला’ अशी दवंडी पिटणे होय. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तर २०१४ सालापासून ‘एच-१’ परिशिष्टात घालण्यात आल्या आहेत. दुकानदाराने चिठ्ठीवाचून त्या देऊ नयेत व विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी असा नियम आहे. तरीही ‘अर्धी घेऊन पाहा’ म्हणून शेजारीण शेजारणीला त्या देते. सवय जडल्यावर त्या एकाएकी सोडणे धोक्याचे असते, हे मात्र गोळीबरोबर कोणी देत नाही.

तिसरा प्रकार आम्हांला सर्वांत अधिक डाचतो. उपायांच्या या गर्दीत खऱ्या कारणावर पांघरूण पडते. खडकीचीच गोष्ट घ्या. येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. तेव्हापासून या गावाच्या कित्येक पिढ्या पहिली, दुसरी व तिसरी पाळी या हिशेबाने जगल्या. आज त्यांत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची आणि अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे रात्र काढणाऱ्या संगणक कचेऱ्यांतील तरुणांची भर पडली आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला मनुष्य डोळ्यांवर ऊन घेत येतो, आणि ज्या वेळी त्याने निजावयाचे त्या वेळी मिक्सर, कुकर, नळाचे पाणी, भाजीवाला व मुंबई रस्त्यावरचे कर्णे यांचा एकच कल्लोळ चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडविणाऱ्या पाळीकामाला ‘बहुधा कर्ककारक’ ठरविले व २०१९ साली रात्रपाळीविषयी तोच निर्णय कायम केला. अशा माणसाला ‘दुधात जायफळ घाल’ म्हणणे हे बाळगोळीचेच धाकटे भावंड नव्हे काय? त्याच्या पाळ्या पहिलीकडून दुसरीकडे व दुसरीकडून तिसरीकडे अशा पुढच्या दिशेने बदलाव्यात, कारण उलट्या क्रमापेक्षा त्या शरीराला कमी जड जातात. त्याच्या खोलीला जाड पडदा असावा. घराने त्याचे सहा-सात तास रात्रीसारखे पाळावेत. हे उपाय आहेत. पण ते त्याच्या एकट्याच्या हातात नाहीत. म्हणून त्याच्या हातात जायफळ दिले जाते.

तीच कथा घरच्या सुनेची. सर्वांचे जेवण उरकून, ओटा आवरून ती साडेअकराला निजते आणि मुलांच्या डब्यासाठी पाचाला उठते. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राशास्त्रज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकमुखाने सांगितले. हिच्या वाट्याला साडेपाच येतात. तिचे डोके दुखते तेव्हा सासूबाई मायेने तेल चोळतात. पण डबा भरावयास नवऱ्याने उठावे ही गोष्ट कोणत्याच निघंटूत सापडत नाही! आणि सार्वजनिक गोंगाटाचे काय? २००० सालच्या ध्वनिनियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. उत्सवात छाती हादरविणाऱ्या भिंती उभारणारे मंडळ आणि त्याच रात्री निद्रानाशावर तेलाची बाटली घेणारे नागरिक हे पुष्कळदा एकच असतात. मनःशांतीचे तेल विकत घ्यावे आणि शांतता मात्र वर्गणी देऊन मोडावी, याला काय म्हणावे!

मग खरोखर उपयोगाचे काय? ते इतके साधे आहे की, त्याची जाहिरात करणे कोणालाच परवडत नाही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. रात्र कशीही गेली तरी व रविवार असला तरी. झोपेची वेळ हुकमाने ठरत नाही, उठण्याची मात्र ठरते, व तिच्यामागून झोप आपोआप वळणावर येते. उठल्यावर लवकर उन्हात जावे. शरीराचे घड्याळ लावण्यास त्यासारखी किल्ली नाही. दुपारनंतर चहा-कॉफी बंद करावी. निजण्यापूर्वी सहा तास घेतलेली भरपूर कॉफीसुद्धा झोपेतला एक तासाहून अधिक भाग खाते, असे २०१३ सालच्या एका प्रयोगात दिसले. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत असावी. निजण्यापूर्वीचा तास दिवे मंद करावे. मोबाइल उशाशी नसावा. त्याचा प्रकाश जितका जागवितो त्याहून अधिक त्यातला मजकूर जागवितो. आणि सर्वांत महत्त्वाचे, पण सर्वांत अवघड: अंथरुणावर पडून झोपेची वाट पाहत बसू नये. झोप आली म्हणजेच पडावे. वीसेक मिनिटांत ती न आली तर उठून दुसरीकडे मंद उजेडात काही संथ काम करावे, आणि पेंग आली म्हणजे परत यावे. अंथरूण व तळमळ यांची जोडी मनात बसलेली असते. ती मोडून अंथरूण व झोप यांची जोडी बसवावयाची, हे यातील मर्म. ही रीत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली. तिच्यासह विचार व सवयी बदलणारी जी उपचारपद्धती सिद्ध झाली, तीच दीर्घ निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली. तीन महिने आठवड्यातून तीन रात्री झोप नसेल, घोरताना श्वास अडत असेल, किंवा मन सतत काळवंडलेले असेल, तर मात्र घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठावा.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की, हे सारे रुक्ष आहे. आजीच्या दुधातला जिव्हाळा यात कोठे आहे? आमचे उत्तर असे की, जिव्हाळा ठेवावा आणि त्याला कामाला लावावे. दूध द्यावे, पाय चोळावेत; परंतु त्याबरोबर दिवा मालवावा, दूरदर्शनचा आवाज बंद करावा, रात्रपाळीहून आलेल्या मुलासाठी कुकर दोन तास थांबवावा, सुनेच्या अंगावरचे सकाळचे काम वाटून घ्यावे, आणि मंडळाच्या बैठकीत ‘दहानंतर वाद्य नको’ असे म्हणण्याचे धैर्य दाखवावे. महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले तेव्हा आरोग्याच्या शब्दामागे त्यांनी ‘समाज’ हा शब्द मुद्दाम जोडला होता. झोप ही त्या अर्थाने समाजस्वास्थ्याची बाब आहे. ती एकाच्या पोटात घालावयाची वस्तू नाही. चौघांनी मिळून तिला वाट करून द्यावयाची असते.

तेव्हा यापुढे कोणी आपल्याला झोप येत नाही असे सांगितले, तर उपाय सांगण्यापूर्वी वाचकांनी त्याला एक प्रश्न विचारावा: “तुम्ही केव्हा निजता, केव्हा उठता, आणि मध्ये तुम्हांला कोण उठवते?” विचारून पाहायला खरोखरच काही हरकत नाही.